काठावरून

ओस्ला माउटनं टेबलावर ठेवली तशी
टिरिकनं आपणहूनच पोट वर केलं.
अर्धी शेल्टी, अर्धी कोली, वय नऊ,
येल बेटावरच्या दीडशे मेंढ्यांची कारभारीण.

जांघेत, काखेत, जिथे केस विरळ तिथे
लालभडक व्रण. गोल नव्हते.
ओहोटीनंतर वाळूवर पाण्याची रेघ राहते,
तसे वळत वळत एकमेकांत शिरलेले.

"खाजवत नाही," ओस्ला म्हणाली,
"पण बसण्याआधी विचार करते."

हा दुसरा जून.
मागच्या जूनमध्ये मी अँटिबायोटिक दिलं होतं,
तीन आठवडे, दिवसातून दोनदा.
हिवाळ्यापर्यंत ती बरी झाली
आणि श्रेय मी घेतलं.
बरी केली होती अंधारानं.

बेटावर प्रत्येकाकडे औषध असतं.
लॉरीनं खारं पाणी सांगितलं,
कुणी मेंढ्या बुडवायच्या हौदाला दोष दिला.
ओस्लानं काय काय करून पाहिलं ते बोलली नाही,
पण टिरिकच्या पोटाला चरबीचा वास होता
आणि मी तो आल्यासारखं दाखवलं नाही.

तुकडा मधोमध घ्यावासा वाटतो,
जिथे सगळ्यात वाईट दिसतं तिथे.
पण मध्यात काही उरलेलंच नसतं.
भांडण संपून माणसं निघून गेलेली,
नुसता चिखल.
काठावर घ्यायचा,
जिथे शाबूत कातडी अजून
आपलं म्हणणं मांडत असते.
केस हलकेच कापायचे. घासायचं नाही, धुवायचं नाही,
साक्ष बऱ्याचदा खपलीतच असते.

मसुराएवढे तीन तुकडे, सहा टाके.
टिरिकनं माझ्या मनगटावर हनुवटी टेकली,
जणू भूल मलाच हवी होती.
बाटल्या फेरीनं निघाल्या,
मग धुक्यामुळे विमानतळावर दोन दिवस बसून राहिल्या.

अकराव्या दिवशी अहवाल.
"जंतू नाहीत, बुरशी नाही, गाठ नाही."
"मग?"
"शरीराचे राखणदारच
तिच्या कातडीवर तुटून पडलेत."
कुंपणच शेत खातंय.

फोनमध्ये बराच वेळ वारा.
मग ओस्लानं हळूच विचारलं,
"राखणीचं कुत्रं मेंढ्या फाडायला लागलं
की इथे जे करतात, ते करायचं?"
"नाही, नाही," मी घाईनं म्हणाले,
"त्याला फक्त थोडं बहिरं करायचं."

प्रेडनिसोलोन सकाळी, खाण्याबरोबर.
सायक्लोस्पोरिन उपाशीपोटी.
रक्त तपासत राहायचं.
उतरायचं ते एकेक पायरीनं,
बरं दिसलं म्हणून उडी मारायची नाही.
"तहान फार लागेल. रात्री दार उघडावं लागेल."
"मी जागीच असते."
"आणि ऊन टाळायचं."

इथे मात्र ती हसली.
जून महिना, साठ अंश उत्तर,
रात्री साडेदहाला सूर्य निरोप घेतो
आणि नको असलेल्या पाहुण्यासारखा
उंबऱ्यातच बोलत उभा राहतो.

जुलैत शेवटच्या फेरीनं परतताना
टेकडीवर शीळ ऐकली. बारा वाजत आले होते.
राखाडी उजेडात मेंढ्या खाली ओघळत होत्या
आणि त्यांच्यामागे, नवऱ्याच्या जुन्या बनियनमध्ये,
पोटाखाली चार गाठी मारलेली टिरिक.
मी इंजिन बंद केलं. हॉर्न वाजवला नाही.

सप्टेंबरात आणखी एक पायरी उतरलो.
पोटावर फिकट नकाशा राहिलाय,
काही ठिकाणी केस आलेच नाहीत.
डाव्या काखेत नाण्याएवढी एक जागा
अजून ठरवते आहे.
आम्ही दोघी वाकून
तिचा काठ बघतो.